गायकाविना वर्षभर : 'इमेजेस अँड वर्ड्स' या अल्बमची घडण

रॉक संगीताच्या गटातील वादक बदलला तर तो बदल जाणकार श्रोत्यांच्या ध्यानात येतो. गायक बदलला तर तो सगळ्यांच्याच ध्यानात येतो, कारण सामान्य श्रोत्याच्या मनात गटाची ओळख प्रथम आवाजानेच ठसलेली असते. गायक गमावलेल्या गटाचा पुढचा अल्बम म्हणूनच त्या गटाच्या अस्तित्वाचा कस पाहणारा ठरतो. अमेरिकेतील 'ड्रीम थिएटर' या गटाचा 'इमेजेस अँड वर्ड्स' हा जुलै १९९२ मध्ये प्रकाशित झालेला दुसरा अल्बम अशाच कसोटीतून निघाला. पहिला अल्बम बाजारात पडलेला, ध्वनिमुद्रण कंपनीशी संबंध विकोपाला गेलेले आणि गायकाची जागा रिकामी, अशा अवस्थेतून तीन वर्षांनी परतलेल्या या गटाने 'प्रोग्रेसिव्ह मेटल' या संगीतप्रकाराला त्याचा सर्वांत परिचित अल्बम दिला. नवा गायक जेम्स लाब्री याच्या आगमनाने गट तरला, असे या घटनेचे वर्णन सामान्यतः केले जाते आणि ते चुकीचे नाही; परंतु त्या वर्णनात एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते, ती ही की या अल्बमचे संगीत बव्हंशी गटाला गायकच नसताना घडले आणि त्याच्या बांध्यावर त्या रिकाम्या जागेचा ठसा शेवटपर्यंत राहिला.

प्रोग्रेसिव्ह मेटल हा दोन प्रवाहांच्या संगमातून निर्माण झालेला प्रकार आहे. १९७० च्या सुमारास ब्रिटनमध्ये 'यस', 'जेनेसिस', 'किंग क्रिमसन', 'जेंटल जायंट' अशा गटांनी रॉक संगीताची तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून वीस-वीस मिनिटांच्या, अनेक खंडांत विभागलेल्या रचना केल्या, पाश्चात्त्य अभिजात संगीत व जॅझ यांच्याकडून स्वररचनेची आणि लयीची तंत्रे घेतली, आणि या घडामोडीला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' हे नाव पडले. दुसरीकडे 'हेवी मेटल' हा प्रवाह गिटारच्या मुद्दाम खरखरीत केलेल्या जड आवाजावर, वेगावर आणि उंच पट्टीतल्या गायनावर उभा होता. कॅनडातील 'रश' या तीन वादकांच्या गटाने १९७० च्या दशकातच या दोहोंना जवळ आणले. पुढे अमेरिकेत 'फेट्स वॉर्निंग' आणि 'क्वीन्सराइक' या गटांनी त्या दिशेने आणखी मजल मारली, आणि क्वीन्सराइकच्या १९८८ च्या 'ऑपरेशन : माइंडक्राइम' या अल्बमने तर संपूर्ण अल्बमभर एकच कथा सांगणारे मेटल संगीतही मोठा श्रोतृवर्ग मिळवू शकते हे सिद्ध केले. या संगीताचे सर्वांत ठळक लक्षण म्हणजे विषम मात्रांची आवर्तने. सर्वसाधारण रॉक संगीत चार मात्रांच्या आवर्तनात चालते. प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये पाच, सात, नऊ अशी आवर्तने येतात आणि एकाच रचनेत ती पुनःपुन्हा बदलतात. सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल कानावर असलेल्या मराठी श्रोत्याला विषम आवर्तनाचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही; मात्र ख्यालगायनात एकदा धरलेला ताल त्या बंदिशीपुरता कायम राहतो, तर येथे तालच वाक्यागणिक पालटत जातो, आणि त्या पालटातून नाट्य उभे करणे हे रचनाकाराचे कसब मानले जाते.

ड्रीम थिएटरचा उगम १९८५ मध्ये बॉस्टनच्या बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये झाला. गिटारवादक जॉन पेट्रुची आणि बेस गिटारवादक जॉन मायंग हे लाँग आयलंडवरील किंग्ज पार्क या गावचे बालमित्र तेथे शिकण्यासाठी आले होते. त्यांनी महाविद्यालयाच्या तालीमखोलीत माइक पोर्टनॉय या ड्रमवादकाला ऐकले आणि तिघांनी एकत्र वाजवायला सुरुवात केली. कीबोर्डवादक केव्हिन मूर हाही पेट्रुचीच्या गावचाच होता. या चौघांचाही जन्म १९६७ चा, म्हणजे गट स्थापन झाला तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, आणि दिवसाचे अनेक तास सरावात घालवण्याची त्यांची शिस्त पुढे दंतकथेसारखी सांगितली जाऊ लागली. लवकरच त्यांनी शिक्षण अर्धवट सोडून लाँग आयलंडला परतण्याचा निर्णय घेतला. 'मॅजेस्टी' हे त्यांचे पहिले नाव; त्या नावाने १९८६ मध्ये त्यांनी ध्वनिफितीवर काही रचना मुद्रित करून वाटल्या आणि तिच्या हजार प्रती सहा महिन्यांत संपल्या. अशा नमुन्यादाखल केलेल्या प्राथमिक मुद्रणाला संगीतव्यवसायात 'डेमो' म्हणतात. त्या मुद्रणात गाणारा ख्रिस कॉलिन्स त्याच वर्षाच्या अखेरीस गटातून बाहेर पडला. 'मॅजेस्टी' याच नावाच्या दुसऱ्या एका गटाने कायदेशीर कारवाईची धमकी दिल्यावर, पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील एका चित्रपटगृहाचे नाव सुचवले, आणि 'ड्रीम थिएटर' हे नाव कायम झाले.

कॉलिन्सनंतर वर्षभराने, १९८७ च्या अखेरीस, चार्ली डॉमिनिची हा गायक गटात आला. त्याचा जन्म १९५१ चा, म्हणजे तो इतरांहून जवळजवळ सोळा वर्षांनी मोठा होता. त्याला व्यावसायिक गायनाचा अनुभव होता आणि त्याचा आवाज स्वच्छ, काहीसा नाजूक व पॉप संगीताला जवळचा होता. त्याच्या येण्याने गटाला स्थैर्य मिळाले, एमसीए कंपनीच्या छत्राखालील 'मेकॅनिक' या नव्या कंपनीशी करार झाला आणि टेरी डेट या निर्मात्याच्या देखरेखीखाली पेन्सिल्व्हेनियात 'व्हेन ड्रीम अँड डे युनाइट' हा पहिला अल्बम मुद्रित झाला. मार्च १९८९ मध्ये तो प्रकाशित झाला आणि फारसा कुणाच्या नजरेत न भरता विरला. कंपनीने दिलेली आर्थिक आश्वासने पाळली गेली नाहीत, दृक्‌फीत निघाली नाही, देशभराचा दौरा झाला नाही. न्यूयॉर्कच्या आसपासच्या मोजक्या कार्यक्रमांवर प्रचार आटोपला. अल्बम आज ऐकताना दोन गोष्टी जाणवतात. चारही वादकांचे कसब त्यात पूर्णपणे दिसते. आणि तितकेच स्पष्टपणे हेही दिसते की वादन व गायन ही तेथे शेजारी शेजारी उभी आहेत, एकमेकांत मिसळलेली नाहीत. गटाच्या सदस्यांना 'आयर्न मेडन'चा ब्रूस डिकिन्सन किंवा क्वीन्सराइकचा जेफ टेट यांच्या धर्तीचा, वाद्यांच्या कल्लोळावर स्वार होणारा आवाज हवा होता, आणि डॉमिनिचीचा पिंडच वेगळा होता. त्यात डॉमिनिचीचा दोष मानण्याचे कारण नाही. चांगला गायक अयोग्य जागी उभा होता, एवढेच म्हणता येते.

डॉमिनिचीला निरोप देण्याचा निर्णय झाला. त्यानंतर ब्रिटिश गट 'मॅरिलियन'च्या न्यूयॉर्कमधील 'द रिट्झ' या सभागृहातील कार्यक्रमात पूर्वरंगाचे वादन करण्याची संधी चालून आली, आणि १९८९ च्या अखेरच्या महिन्यांत झालेल्या त्या कार्यक्रमापुरता डॉमिनिची शेवटचा गायला. या योगायोगाकडे संगीताच्या इतिहासकारांचे जावे तेवढे लक्ष गेलेले नाही. मॅरिलियनचा स्वतःचा गायक फिश हा आदल्याच वर्षी गट सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेल्या स्टीव्ह होगार्थसह त्या गटाने सप्टेंबर १९८९ मध्ये 'सीझन्स एंड' हा अल्बम प्रकाशित केला होता आणि नव्या गायकासह तो श्रोत्यांसमोर उभा राहत होता. म्हणजे ज्या रंगमंचावर ड्रीम थिएटरने आपल्या गायकाला निरोप दिला, त्याच रंगमंचावर त्याच रात्री गायक बदलूनही गट जिवंत राहू शकतो याचे प्रत्यक्ष उदाहरण उभे होते. दोन्ही गटांच्या स्थितीत फरकही मोठा होता. मॅरिलियनमागे चार यशस्वी अल्बम आणि निष्ठावान श्रोतृवर्ग होता; ड्रीम थिएटरमागे एक पडलेला अल्बम आणि सहजी मोडता न येणारा करार होता.

त्यानंतरचा काळ हा या इतिहासाचा गाभा आहे. मेकॅनिकच्या करारातून सुटका करून घेण्यात बराच काळ गेला. गायकाच्या जागेसाठी दोनशेहून अधिक जणांची चाचणी घेतली गेली. फेट्स वॉर्निंगचा पूर्वीचा गायक जॉन आर्च याच्याशीही बोलणी झाली, परंतु कुटुंब व स्थिर जीवन सोडून गटाच्या अनिश्चित आयुष्यात येण्यास तो राजी झाला नाही. जून १९९० मध्ये स्टीव्ह स्टोन नावाचा गायक लाँग आयलंडवरील बे शोअर येथे गटाबरोबर एकदाच गायला आणि त्या एका कार्यक्रमानंतर त्याला वगळण्यात आले. पुढचा कार्यक्रम झाला तो पाच महिन्यांनी, केवळ वाद्यसंगीताचा आणि तोही वेगळ्या नावाने. या काळात चौघेही शिकवण्या आणि मिळतील ती किरकोळ कामे करून उदरनिर्वाह करीत आणि उरलेला वेळ एकत्र वाजवण्यात घालवीत.

रचनेच्या दृष्टीने या परिस्थितीचे परिणाम दूरगामी झाले. गायक असलेल्या गटात रचना करताना त्याच्या आवाजाचा पल्ला, श्वास आणि आवडनिवड यांचे भान ठेवावे लागते. येथे तसे कुणीच नव्हते, त्यामुळे चार वादकांना केवळ संगीताच्या अंगभूत गरजेनुसार रचना वाढवता आली. 'मेट्रोपोलिस', 'टेक द टाइम', 'लर्निंग टु लिव्ह' या पुढे गाजलेल्या रचना याच काळात आकाराला आल्या. वीस मिनिटांहून मोठी 'अ चेंज ऑफ सीझन्स' ही रचनाही याच काळातली. पोर्टनॉयची आई १९८६ मध्ये विमान अपघातात गेली होती, आणि त्या आघाताला त्याने या रचनेत वाट करून दिली. या रचना वर्षभराहून अधिक काळ तालमीत घोटल्या गेल्या, कार्यक्रमांत वाजवल्या गेल्या, त्यांचे खंड इकडचे तिकडे झाले, सांधे पक्के झाले. पहिला अल्बम काही आठवड्यांत घाईने मुद्रित झाला होता. दुसऱ्या अल्बमचे संगीत मुद्रणगृहात पाऊल टाकण्यापूर्वीच हातांत मुरलेले होते. बेकारीने आणि प्रतीक्षेने या गटाला असा अवकाश दिला, जो कोणत्याही कंपनीने पैसे मोजून दिला नसता.

जेम्स लाब्री हा कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील पेनेटँग्विशीन या छोट्या गावचा. 'विंटर रोझ' या गटात तो गात असे, आणि त्या गटाचे संगीत त्या काळच्या 'ग्लॅम मेटल'च्या, म्हणजे झगमगीत पोशाख व सोप्या चालींच्या धाटणीचे होते. त्याने पाठवलेली ध्वनिफीत ऐकून गटाने त्याला जानेवारी १९९१ मध्ये न्यूयॉर्कला बोलावले, तीन गाणी एकत्र वाजवली गेली आणि निर्णय झाला. त्याचे संपूर्ण नाव केव्हिन जेम्स लाब्री. गटात केव्हिन मूर आधीच असल्याने त्याने मधले नाव लावण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी प्रकाशित झालेल्या फेट्स वॉर्निंगच्या 'पॅरलल्स' या अल्बममधील एका गाण्यातही त्याचा साथीचा आवाज ऐकू येतो. फेट्स वॉर्निंगने स्वतः आर्चच्या जागी रे ॲल्डर हा गायक घेऊन १९८८ मध्ये 'नो एग्झिट' हा अल्बम केला होता. एवढ्या लहान वर्तुळात हे गट आणि हे गायक एकमेकांना जोडले गेलेले होते.

लाब्रीच्या आवाजात दोन परस्परविरोधी गुण होते. त्याचा वरचा पल्ला मेटल संगीताला साजेसा होता. 'लर्निंग टु लिव्ह'मध्ये त्याने घेतलेला टिपेचा सूर आजही त्या प्रकारच्या गायनाचा मानदंड म्हणून उद्धृत होतो. त्याचबरोबर खालच्या सप्तकात, मंद साथीवर, तो शब्द अत्यंत मृदूपणे उच्चारू शकत असे. तयार झालेल्या रचनांवर गायनाचा भाग बसवण्याचे काम त्याच्या वाट्याला आले, आणि हे काम वाटते त्यापेक्षा कठीण होते. अल्बममधील आठ गीतांपैकी एकाचेही शब्द लाब्रीचे नाहीत. ते पेट्रुची, मूर, मायंग आणि पोर्टनॉय यांचे आहेत. पेट्रुचीने 'अनदर डे' हे गीत आपल्या वडिलांच्या कर्करोगाच्या काळात लिहिले, मायंगने 'लर्निंग टु लिव्ह'मध्ये एड्सच्या छायेतल्या जगण्याचा विषय घेतला, मूरने 'पुल मी अंडर'मध्ये हॅम्लेटची मनोवस्था उभी केली. इतरांची दुःखे, इतरांनी योजलेल्या शब्दांत, इतरांनी बांधलेल्या विषम तालांवर, ती आपलीच आहेत अशा विश्वासाने गाणे हे नव्या गायकापुढचे आव्हान होते. लाब्रीने ते पेलले, आणि या अल्बममधील त्याचे खरे श्रेय हे आहे. टिपेच्या सुरांचे कौतुक त्यानंतर येते.

लाब्रीसह तयार केलेल्या तीन गाण्यांच्या डेमोच्या बळावर 'ॲटको' या कंपनीने गटाशी दीर्घ मुदतीचा करार केला. या कंपनीचा प्रमुख डेरेक शुलमन होता, आणि ही गोष्ट केवळ व्यावसायिक तपशील म्हणून सोडून देण्यासारखी नाही. शुलमन हा पूर्वाश्रमीचा जेंटल जायंटचा गायक; १९७० च्या दशकातील सर्वांत गुंतागुंतीची रचना करणाऱ्या गटांत त्या गटाची गणना होते आणि १९८० मध्ये तो गट विसर्जित झाला होता. त्यानंतर शुलमन ध्वनिमुद्रण व्यवसायात आला, 'बॉन जोव्ही'सारख्या अत्यंत लोकप्रिय गटाला करारबद्ध करणारा अधिकारी म्हणून नावारूपाला आला, आणि त्याच्याच कारकीर्दीत ॲटकोने 'पँटेरा' या गटाचा 'काउबॉइज फ्रॉम हेल' हा अल्बमही प्रकाशित केला. विषम ताल आणि लांब रचना ऐकून बहुतेक अधिकाऱ्यांनी ध्वनिफीत बाजूला ठेवली असती. शुलमनने तसे केले नाही, कारण असे संगीत आतून कसे चालते हे त्याने स्वतः गाऊन अनुभवले होते. एका पिढीच्या प्रोग्रेसिव्ह रॉकने पुढच्या पिढीच्या प्रोग्रेसिव्ह मेटलला इतक्या प्रत्यक्षपणे हात दिल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबर १९९१ या काळात न्यूयॉर्क राज्यातील सफर्न येथील 'बेअरट्रॅक्स' या मुद्रणगृहात डेव्हिड प्रेटर या निर्मात्याच्या हाताखाली अल्बमचे मुद्रण झाले. हे मुद्रणगृह 'स्पायरो जायरा' या जॅझ गटाच्या जे बेकनस्टाइनचे होते, आणि 'अनदर डे'मधील सोप्रानो सॅक्सोफोन त्यानेच वाजवला आहे. प्रेटर आणि गट यांच्यातील मतभेद मात्र तीव्र होते. प्रेटरने ड्रमच्या आवाजासाठी 'ट्रिगर'चा वापर केला. ट्रिगर म्हणजे ड्रमवर बसवलेली संवेदक चकती. वादकाने प्रहार केला की तिच्यामार्फत आधीच मुद्रित केलेला ठरावीक आवाज उमटतो. प्रत्येक ठोका त्यामुळे सारखाच टणक व लखलखीत ऐकू येतो, पण वादकाच्या हाताचा हलका-जड फरक पुसला जातो. पोर्टनॉयने या निर्णयाला विरोध केला आणि पुढेही जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. त्याचा आक्षेप कलावंत म्हणून रास्त होता. तरीही त्या टणक ठोक्यामुळे दाट वाद्यमेळात प्रत्येक मात्रा स्वच्छ उमटते आणि नवख्या श्रोत्यालाही तालाचे पालट पकडता येतात, हे मान्य करावे लागते. 'अ चेंज ऑफ सीझन्स'ला अल्बममध्ये जागा मिळाली नाही, कारण दुहेरी अल्बमचा खर्च करण्याची कंपनीची तयारी नव्हती. ती रचना १९९५ मध्ये स्वतंत्रपणे प्रकाशित झाली, तेव्हा तिची लांबी तेवीस मिनिटांची होती.

जवळजवळ सत्तावन्न मिनिटांच्या या अल्बमचे मोल त्याच्या बांधणीत आहे. 'मेट्रोपोलिस' ही साडेनऊ मिनिटांची रचना त्याची साक्ष देते. तिच्या पूर्वार्धात गायन आहे. मग गायक मागे सरतो आणि चारही वादक दीर्घकाळ अशा वाद्यखंडात शिरतात, ज्यात गिटार, कीबोर्ड आणि बेस एकाच अवघड स्वरावलीत एकदिलाने धावतात, क्षणभर फुटतात आणि पुन्हा एकत्र येतात. मायंगच्या बेसचा छोटा एकल तुकडाही येथे येतो. गायक नसताना बांधलेल्या संगीताची ही खूण आहे : वाद्यखंड येथे दोन कडव्यांमधली विश्रांती म्हणून येत नाही, रचनेचा मुख्य आशयच त्यात मांडलेला असतो. रचनेच्या नावात 'पहिला भाग' असा उल्लेख असल्याने श्रोत्यांनी दुसऱ्या भागाची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली आणि १९९९ मध्ये गटाने एका संपूर्ण अल्बमच्या रूपाने ती पूर्ण केली. याउलट 'वेट फॉर स्लीप' ही अडीच मिनिटांची रचना जवळपास केवळ पियानो आणि आवाज यांवर चालते. मूरची त्यातली पियानोची स्वराकृती लगेच पुढे येणाऱ्या 'लर्निंग टु लिव्ह'च्या मध्यात नव्या वेषात पुन्हा प्रकटते, आणि साडेअकरा मिनिटांची ही अखेरची रचना त्या एका धाग्याने आधीच्या शांततेशी बांधली जाते. तंत्राचे प्रदर्शन हा या संगीतावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप आहे, आणि या प्रकारातील अनेक अनुकरणकर्त्यांना तो लागूही पडतो; परंतु स्वराकृती जपून ठेवून योग्य क्षणी परत आणण्याची ही दृष्टी केवळ बोटांच्या सरावाने येत नाही. पहिल्या अल्बममध्ये ती अभावानेच आढळते.

अल्बम प्रकाशित झाला तो काळ या संगीताला सर्वथा प्रतिकूल होता. सप्टेंबर १९९१ मध्ये 'निर्वाना'चा 'नेव्हरमाइंड' आला होता, सिएटल शहरातून निघालेल्या 'ग्रंज' या प्रवाहाने अमेरिकी रॉकची अभिरुची पालटली होती, आणि वादनातील सफाईकडे साशंकतेने पाहिले जात होते. 'मेटॅलिका'नेही ऑगस्ट १९९१ च्या अल्बममध्ये आपल्या लांब, गुंतागुंतीच्या रचना सोडून आटोपशीर गाण्यांची वाट धरली होती. असे असताना आठ मिनिटांच्या 'पुल मी अंडर' या गाण्याला नभोवाणी केंद्रांवर अनपेक्षित प्रतिसाद मिळू लागला. ते पाहून कंपनीने प्रत्यक्ष कार्यक्रमांतील दृश्ये जोडून एक दृक्‌फीत तयार केली, गाण्याची लांबी कापून ती साडेचार-पाच मिनिटांवर आणली आणि एमटीव्ही वाहिनीने ती वारंवार दाखवली. रॉक संगीत वाजवणाऱ्या अमेरिकी नभोवाणी केंद्रांच्या 'बिलबोर्ड' यादीत हे गाणे दहाव्या क्रमांकापर्यंत गेले. अल्बम सर्वसाधारण यादीत ६१ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. मूळ रचनेचा शेवट, जेथे सर्व वाद्ये मध्येच, सुरी फिरावी तशी तुटतात, तो ऐकून अनेकांना ध्वनिफीत सदोष असल्याचा संशय येई. मृत्यूविषयीच्या गीताचा असा शेवट हा रचनाकारांचा हेतुपुरस्सर निर्णय होता.

'अनदर डे' आणि 'टेक द टाइम' ही पुढची दोन गाणीही कंपनीने स्वतंत्रपणे पुढे आणली, पण त्यांना तसे यश लाभले नाही. सॅक्सोफोन असलेले हळुवार 'अनदर डे' लोकप्रिय होईल हा कंपनीचा होरा चुकला आणि आठ मिनिटांच्या जड रचनेने बाजी मारली, यातून श्रोत्यांच्या आकलनशक्तीविषयी व्यवसायाचे अंदाज किती तोकडे असतात ते दिसते. गट दौऱ्यावर निघाला. एप्रिल १९९३ मध्ये लंडनच्या 'मार्की' सभागृहात झालेल्या कार्यक्रमाचा प्रत्यक्ष-मुद्रित अल्बम निघाला, ऑगस्टमध्ये तोकियोतील कार्यक्रमाची दृक्‌फीत तयार झाली, आणि जपानमधील श्रोतृवर्ग गटाचा कायमचा आधारस्तंभ बनला. १९९५ मध्ये अल्बमला अमेरिकेत 'गोल्ड' प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे पाच लाख प्रतींची नोंद झाली.

या यशाची किंमतही गटाला मोजावी लागली. कंपनीला आता 'पुल मी अंडर'सारखे दुसरे गाणे हवे होते, आणि त्या दबावाखाली १९९४ चा 'अवेक' हा अधिक काळोखा अल्बम, वेगळ्या निर्मात्यांच्या हाताखाली, तयार झाला. तो पूर्ण होताच केव्हिन मूरने गट सोडला. त्याच्यासारखा संयमित, वातावरणनिर्मितीकडे कल असलेला कीबोर्डवादक गटाला पुन्हा मिळाला नाही, हे त्याच्यानंतरच्या वादकांच्या असामान्य तयारीचा पूर्ण मान राखूनही म्हणावे लागते. त्याच वर्षाच्या अखेरीस लाब्रीला क्यूबामध्ये सुटीवर असताना अन्नातून विषबाधा झाली, तीव्र वांत्यांनी त्याच्या स्वरतंतूंना इजा झाली, आणि पूर्ण विश्रांती न घेताच तो पुढच्या महिन्यात जपानच्या दौऱ्यात गायला. त्या इजेचे परिणाम अनेक वर्षे टिकले. परिणामी 'इमेजेस अँड वर्ड्स'मधील त्याचा आवाज हाच पुढे त्याच्यावर उगारला जाणारा मापदंड ठरला. प्रत्येक कार्यक्रमात १९९१ च्या मुद्रणाशी त्याची तुलना होत राहिली, आणि अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाने मुद्रणगृहात घेतलेले सूर रोज रात्री प्रेक्षकांसमोर घेण्याची अपेक्षा किती अन्यायकारक आहे याचा विचार क्वचितच झाला.

'गोल्ड' प्रमाणपत्र मिळवणारा गटाचा दुसरा स्टुडिओ अल्बम अमेरिकेत झाला नाही. २००८ मध्ये निवडक गीतांचा संग्रह काढताना गटाने त्याच्या शीर्षकात गाजलेल्या गाण्याचा उल्लेख एकवचनी केला, कारण 'बिलबोर्ड'च्या याद्यांच्या अर्थाने गाजलेले गाणे एकच होते. चार्ली डॉमिनिची मार्च २००४ मध्ये लॉस एंजेलिस येथे पहिल्या अल्बमच्या पंधराव्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात गटाबरोबर पुन्हा रंगमंचावर आला. पुढे त्याने स्वतःच्या नावाने प्रोग्रेसिव्ह मेटलचे अल्बम केले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचे निधन झाले. कीबोर्डवर मूरनंतर डेरेक शेरिनियन आणि त्यानंतर जॉर्डन रुडेस आला. पोर्टनॉयने २०१० मध्ये गट सोडला, त्याच्या जागी माइक मँजिनी तेरा वर्षे वाजवीत होता, आणि २०२३ मध्ये पोर्टनॉय परतल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये 'पॅरासॉम्निया' हा अल्बम निघाला. दोनशेहून अधिक जणांना पारखून ज्या जागेवर कुणी टिकत नव्हते, त्या गायकाच्या जागेवर मात्र जानेवारी १९९१ नंतर दुसऱ्या कुणाला आणण्याची वेळ ड्रीम थिएटरवर आलेली नाही.